मैनाके, हेमेरोस्कोपेइओन, रोदे : या ग्रीक वसाहती होत्या कुठे, आणि होत्या कुणाच्या?

अपरांत (धागाकर्ता)

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर मासालियाच्या (आजचं मार्सेय) ग्रीकांनी वसवलेली म्हणून जी गावं जुन्या ग्रंथांत येतात, त्यांतलं एम्पोरिओन निर्विवाद सापडलेलं आहे. तिथे १९०८ पासून उत्खनन चालू आहे. बाकीच्यांचं काय, यासाठी हा धागा. नकाशांवर ठळक ठिपके दिसतात, पण त्यांतल्या काही ठिपक्यांखाली एकही ग्रीक घर मिळालेलं नाही.

सुरुवात मैनाकेपासून करू. आधार मुख्यतः तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या काळातले.

पहिला, स्किम्नोसच्या नावावर खपलेलं इ.स.पू. १०० च्या सुमाराचं भूगोलकाव्य. त्यात मैनाके हे मासालियाचं गाव आणि युरोपातल्या ग्रीक शहरांत सगळ्यात टोकाचं, एवढंच आहे. हा भाग एफोरस या ग्रीक इतिहासकारावरून, म्हणजे इ.स.पू. ४थ्या शतकातून आला असावा असं मानतात. दुसरा स्ट्राबो, इसवी सनाच्या आरंभाच्या सुमाराचा ग्रीक भूगोलकार. तो सांगतो की काही लोक मैनाके आणि मालाका (मालागा) एकच समजतात, पण तसं नाही. मैनाके काल्पेपासून, म्हणजे जिब्राल्टरच्या खडकापासून, जास्त लांब आहे, उद्ध्वस्त आहे आणि तिचे अवशेष ग्रीक शहराचे दिसतात. मालाका त्या मानाने जवळ आणि घडणीने फिनिशियन (लेबनॉनच्या किनाऱ्यावरून आलेल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या वळणाची). तिसरा अविएनुस, इ.स. ४थ्या शतकातला लॅटिन कवी. तो म्हणतो, मालाखा नदीवर त्याच नावाचं शहर आहे आणि आधीच्या काळी त्यालाच मेनाके म्हणत. समोर तार्तेसोसच्या (दक्षिण स्पेनमधलं स्थानिक राज्य) ताब्यातलं एक बेट, नोक्तिलुका देवीला वाहिलेलं, त्यात तळं आणि सुरक्षित बंदर.

म्हणजे स्ट्राबो जे खोडून काढतो, नेमकं तेच अविएनुस सांगतो. दोघांना एका नकाशावर बसवायचा हट्ट धरला की ओढाताण सुरू होते.

१९२० च्या दशकात आडोल्फ शुल्टेनने वेलेस नदीच्या मुखाजवळ मैनाके शोधली आणि जागा ठरवूनही टाकली. पुढे १९६४ पासून जर्मन पुरातत्त्व संस्थेने तिथेच, तोस्कानोसला, पद्धतशीर खोदकाम केलं. निघालं ते इ.स.पू. ८व्या शतकातलं फिनिशियन ठाणं. घडीव दगडांचं बांधकाम, तीन दालनांचं मोठं कोठार, त्यात साठवणीचे रांजण आणि अँफोरा (मद्य-तेल नेायचे दोन कानांचे उंच कुंभ), शेजारच्या सेरो देल पेन्योनवर लोखंड गाळल्याच्या खुणा. इ.स.पू. ५५० च्या सुमाराला हे ठाणं ओस पडलं.

नीमायर या उत्खननकर्त्याने १९८० मध्ये मांडलेला तर्क मला सगळ्यात पटतो. स्ट्राबोच्या आधीच्या कुणा प्रवाशाने हेच ओसाड फिनिशियन अवशेष पाहिले, घडीव दगड आणि नीट आखणी पाहून ते ग्रीक ठरवले, आणि एफोरसकडून आलेलं नाव त्यांना चिकटलं. मालाकात तोपर्यंत फिनिशियन वळणाची वस्ती नांदत होती, म्हणून ती फिनिशियन. ओसाड ती ग्रीक, नांदती ती फिनिशियन, अशी वाटणी झाली.

माझा आग्रह एवढाच की तीन प्रश्न वेगळे ठेवा. गाव होतं कुठे? वसवलं कुणी? राहत कोण होतं? ग्रंथ बहुधा दुसऱ्याचं उत्तर देतात, आखणीवरून आणि खापरांवरून आपण तिसऱ्याचा अंदाज बांधतो, आणि नकाशा काढताना ती दोन्ही उत्तरं पहिल्या प्रश्नाला चिकटवतो.

गाळवाट

उत्तम धागा. पहिल्या प्रश्नापुरती भर घालतो, कारण आजचा किनारा धरून जुनं बंदर शोधणं हीच पहिली चूक असते.

वेलेस, ग्वादालोर्से या नद्या छोट्या पण तीव्र उताराच्या आहेत. डोंगरावरची झाडी तुटली, शेती वाढली आणि मुखं गाळाने भरत गेली. फिनिशियन काळात वेलेसच्या मुखाशी आत शिरलेली खाडी होती आणि तोस्कानोस त्या खाडीच्या काठावर होतं. आज तिथे सपाट शेतं आहेत. ग्वादालोर्सेच्या मुखाशी असलेलं सेरो देल वियार तर तेव्हा चक्क बेट होतं. आता ते चहूबाजूंनी जमिनीने वेढलेलं टेकाड आहे. अविएनुसचं बेट तेच, असंही मत आहे. पण तिथेही वस्ती फिनिशियनच.

जुना किनारा काढायची रीत अशी. खाडीच्या तोंडापासून आतपर्यंत एका रेषेत ठरावीक अंतरावर पोकळ नळीने खोल भोकं घ्यायची आणि गाळाचा अखंड दांडा वर काढायचा. त्यात थर वाचायचे : खडकाळ तळ, त्यावर समुद्री चिखल, मग खाजणाचा काळा थर, मग नदीचा तांबूस गाळ. थर समुद्राचा की गोड्या पाण्याचा हे फोरामिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म जीव) आणि शिंपल्यांच्या जातींवरून कळतं. समुद्री चिखल संपून खाजण सुरू होतं ती पातळी महत्त्वाची, कारण तिथेच बंदर निकामी झालं.

काळ ठरवताना दोन खड्डे आहेत. शिंपल्यांचं रेडिओकार्बन वय खऱ्यापेक्षा साधारण ४०० वर्षांनी जास्त येतं, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो. ती दुरुस्ती केली नाही तर इ.स.पू. ६व्या शतकातलं बंदर १०व्या शतकात जाऊन बसतं. आणि दुरुस्ती जागोजागी बदलते, सरसकट ४०० वजा करून भागत नाही. दुसरा खड्डा याहून वाईट. इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात रेडिओकार्बनची तुलनावक्ररेषा (जिच्यावरून मोजलेलं वय खऱ्या वर्षांत बदलतात ती) जवळजवळ सपाट आहे. नेमका वसाहतींचाच काळ! कोळशाचा उत्तम नमुना दिला तरी उत्तर "८व्या ते ५व्या शतकात कधीतरी" असं येतं. त्यामुळे इथे रंगीत ग्रीक खापरांचा कालक्रम प्रयोगशाळेपेक्षा बारीक काळ सांगतो. २५-३० वर्षांच्या टप्प्यापर्यंत जाता येतं.

सागरगोटा

वाचतोय. मग एक सांगा, खापरं इतकी बोलकी असतील तर जिथे ग्रीक खापरं जास्त, तिथे ग्रीक वसाहत, असं का नाही म्हणायचं?

मृण्मयी

@सागरगोटा, कारण नैर्ऋत्य स्पेनमधलं ह्युएल्वा. इ.स.पू. ६व्या शतकाच्या पूर्वार्धातली पूर्व ग्रीक आणि अथेन्सची भांडी तिथे भरपूर मिळाली आहेत, तरी ह्युएल्वाला ग्रीक वसाहत कुणी म्हणत नाही. गाव स्थानिक, बंदरात फिनिशियनांचा वावर जुना, आणि ग्रीक माल येणारा. मालागाच्या जुन्या थरांतही ग्रीक भांडी आहेत, पण पिकासो संग्रहालयाच्या तळघरात दिसतो तो कोट फिनिशियनांचा.

भांडं जहाजाने येतं आणि ते जहाज कुणाचंही असू शकतं. त्यामुळे "ग्रीक खापरं सापडली" हे वाक्य अर्धवट आहे. पुढचे प्रश्न विचारायचे.

कसली भांडी? पेले आणि मद्य कालवायचे मोठे कुंभ सगळ्यांनाच हवे असत. स्वयंपाकाची हंडी, वाटणाची जाड परात, दिवा, विणकामाची वजनं या वस्तू सहसा कुणी दुरून विकत आणत नाही. त्या ग्रीक घडणीच्या आणि तिथल्याच मातीच्या निघाल्या तर घर ग्रीक वळणाचं असण्याची शक्यता वाढते.

टक्केवारी कशाची? तुकडे मोजले तर मोठी अँफोरा ६०-७० तुकड्यांनी फुगते आणि पेला ८-१० तुकड्यांत आटोपतो. वजन केलं तर अँफोराच सगळं गिळते. म्हणून काठ, बूड आणि कान मोजून कमीत कमी किती भांडी होती ते काढतात. दोन उत्खननांची टक्केवारी शेजारी ठेवण्याआधी मोजणीची रीत एकच आहे ना, हे पाहावं. जुन्या खोदकामांत तर रंगीत खापरं पेटीत आणि साधी खापरं ढिगाऱ्यावर जात. अशा पेटीत ग्रीक प्रमाण आपोआपच फुगलेलं असतं.

माती कुठली? खापराची ०.०३ मि.मी. जाडीची चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मासालियाच्या अँफोरांच्या मातीत अभ्रकाचे कण चमकतात, ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. पण स्पेनमध्ये मासालियाची अँफोरा सापडली याचा अर्थ तिथे मासालियाचं मद्य पोचलं, इतकाच.

आणि सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे कामकाजाची लिखापढी. एम्पोरिओनला १९८५ मध्ये शिशाच्या पत्र्यावरचं ग्रीक व्यापारी पत्र मिळालं, इ.स.पू. ६व्या शतकाच्या उत्तरार्धाचं. भाषा आयोनियन वळणाची, मजकूर मालाचा आणि होडी ओढून नेण्याचा. त्यात सैगान्थे हे ठिकाण येतं (बहुतेकांच्या मते सागुंतो) आणि बास्पेदास नावाचा एक माणूस, जो नावावरून स्थानिक वाटतो. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेश माहोला मिळालेला पत्रा तर एका अंगाला एत्रुस्कन (मध्य इटलीतल्या लोकांची भाषा) आणि दुसऱ्या अंगाला ग्रीक आहे. ग्रीक बाजूला व्यवहाराचे साक्षीदार म्हणून बासिगेर्रोस, ब्लेरुआस, सेदेगोन अशी इबेरियन, म्हणजे या किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांची, नावं येतात. पण पेश माहो ही ग्रीक वसाहत नव्हती! एकटा ग्रीक लेखसुद्धा वसाहत सिद्ध करत नाही, तो ग्रीक व्यवहार सिद्ध करतो.

अपरांत

@मृण्मयी, दंडवत. आता हेमेरोस्कोपेइओन (नावाचा अर्थ दिवसा टेहळणीची जागा).

स्ट्राबो म्हणतो, सुक्रो नदी (आजची हूकार) आणि नवं कार्थेज (कार्ताहेना) यांच्या दरम्यान, नदीपासून फार लांब नाही अशी मासालियाची तीन छोटी गावं आहेत. त्यांतलं प्रसिद्ध ते हेमेरोस्कोपेइओन. भूशिरावर एफेससच्या आर्टेमिसचं देऊळ. सेर्टोरियस या बंडखोर रोमन सेनानीने ते आरमारी तळ म्हणून वापरलं. त्याला दिआनियमही म्हणतात. जवळ लोखंडाच्या खाणी, प्लानेसिया आणि प्लुंबारिया ही बेटं, आणि ४०० स्टाडिया (स्टाडियन हे ग्रीक अंतराचं माप) घेराचं खाजण.

दिआनियम म्हणजे देनिया, यात शंका नाही. हूकारच्या मुखापासून सरळ रेषेत ४५ कि.मी.च्या आसपास. स्टाडियन १८५ मीटरचा धरला तर सुमारे २५० स्टाडिया. स्किलाक्सच्या नावाचा किनारावर्णनग्रंथ दिवसाची सफर ५०० स्टाडिया धरतो, म्हणजे अर्ध्या दिवसाची वाट. "फार लांब नाही" हे बसतं.

पण बाकीचा तपशील तपासा. ४०० स्टाडिया म्हणजे ७४ कि.मी. घेर. त्या किनाऱ्यावर एवढा घेर सहज भरतो तो मार मेनोर या खाऱ्या सरोवराचा, आणि ते देनियाच्या जवळपास १५० कि.मी. दक्षिणेला आहे. प्लानेसिया म्हणजे सांता पोलासमोरचं ताबार्का बेट हे मत जुनं आहे. तेही देनियापासून बरंच खाली. म्हणजे स्ट्राबोच्या एका परिच्छेदात किनाऱ्याचा लांबलचक पट्टा गोळा झालेला दिसतो. स्ट्राबो स्वतः स्पेनला गेला नव्हता, आर्टेमिडोरस आणि पोसिडोनियस या आधीच्या ग्रीक लेखकांवरून लिहीत होता. परिच्छेदातलं प्रत्येक वाक्य एकाच जागेचं आहे असं धरून चालणं धोक्याचं.

देनियात रोमन शहर आहे, पण त्याखाली मासालियाचं गाव निघालेलं नाही. १९२५ मध्ये ऱ्हीस कार्पेंटर या अभ्यासकाने कालपे या गावाजवळच्या (जिब्राल्टरचं काल्पे नव्हे) इफाचच्या सुळक्याकडे बोट दाखवलं. समुद्रात घुसलेला तो खडक टेहळणीसाठी अगदी योग्य दिसतो खरा. पण उतारावर निघाली ती इबेरियन वस्ती. सेर्टोरियसचा भाग मात्र भक्कम आहे. इ.स.पू. १ल्या शतकाच्या पूर्वार्धातली छोटी लष्करी ठाणी या किनाऱ्यावर ओळीने मिळाली आहेत, बेनिडोर्मजवळचं तोसाल दे ला काला त्यांतलंच.

गाळवाट

स्टाडियनवर एक सूचना. १८५ मीटर हे अथेन्सच्या मापाजवळचं. १५७ च्या आसपासचाही एक अंदाज काही अभ्यासक वापरतात. ४०० स्टाडियाला त्याने ६३ कि.मी. येतात. सोयीचं गाव जुळेपर्यंत माप बदलत राहणारे लेख खूप आहेत. एकच माप धरून त्याच लेखकाची आधी दोन-तीन पक्क्या गावांमधली अंतरं तपासावीत, मगच अज्ञात गावाला हात घालावा. शिवाय खलाशाचं अंतर किनाऱ्याच्या वळणांनी जातं. आपण उपग्रहचित्रावर सरळ रेघ ओढतो.

जोतं

सांता पोलाचा विषय निघालाच आहे, तर ला पिकोला विसरू नका. "आखणी ग्रीक, म्हणून गाव ग्रीक" या स्ट्राबोच्या कसोटीला तिथे छान उत्तर मिळतं.

ला पिकोला हे बंदराजवळचं छोटं तटबंदीचं ठाणं, साधारण इ.स.पू. ४३० ते ३३० या काळातलं. तट, खंदक, आत सारख्या मापाच्या खोल्यांच्या ओळी. उत्खनन करणाऱ्या स्पॅनिश-फ्रेंच चमूने मापं घेतली, तर आखणी ग्रीक फुटाच्या पटीत निघाली. पण आतला संसार इबेरियन. ग्रीक भांडी आहेत, पण आयात माल म्हणून. बहुधा आतल्या एल्चेच्या इबेरियनांचं बंदर, आणि आखणारा ग्रीक किंवा ग्रीकांकडून शिकलेला. स्ट्राबोच्या त्या तीन गावांपैकी एक मानलं जाणारं अलोनिस हेच असंही सुचवलं गेलंय. दुसरा दावेदार विलाहोयोसा.

मासालियाचं खरं ठाणं कसं दिसतं ते पाहायचं तर फ्रान्समध्ये येरजवळचं ओल्बिया पाहा. इ.स.पू. ४थ्या शतकातलं, सुमारे १६५ मीटर बाजूचा चौरस, म्हणजे पावणेतीन हेक्टरला थोडं कमी, आत ४० घरगट्टे आणि काटकोनात रस्ते. तिथे आखणीच्या जोडीला घरगुती भांडी आणि पूजास्थानंही ग्रीक आहेत. सगळे धागे एका दिशेला गेले की वाद उरत नाही. ला पिकोलात ते जात नाहीत.

टांकसाळ

"वसवलं कुणी" या प्रश्नाला रोदे, आजचं कातालुन्यातलं रोसेस. स्ट्राबो एका ठिकाणी ते एम्पोरिओनवाल्यांचं म्हणतो आणि लगेच जोडतो की काहींच्या मते ऱ्होड्सवाल्यांनी वसवलं. दुसऱ्या ठिकाणी, ऱ्होड्सचं वर्णन करताना, पहिल्या ऑलिंपिकच्या, म्हणजे इ.स.पू. ७७६ च्या, कितीतरी आधी ऱ्होड्सच्या खलाशांनी रोदे वसवलं असं सांगतो. खोदकामात मात्र ग्रीक वस्ती इ.स.पू. ४थ्या शतकाच्या आसपास सुरू होते. निदान ४०० वर्षांची तफावत!

गावाने चांदीचे द्राख्मा पाडले, त्यांच्यावर उमललेला गुलाब आहे. ऱ्होड्सच्या नाण्यावरही गुलाब. यावरून नातं जोडायचा मोह होतो, पण नाणी वस्तीच्याही नंतरची आहेत. मोठ्या नावाशी आपलं नाव जुळतंय हे कळल्यावर तेच चिन्ह निवडणं साहजिक होतं. नाणं पाडणाऱ्यांना आपलं मूळ काय वाटत होतं, हे नाण्यावरून कळतं. मूळ काय होतं, हे नाही.

असाच प्रकार इटलीतल्या कुमेचा. मातृनगरी म्हणून एक युबोइया या ग्रीक बेटावरचं खाल्किस पक्कं. दुसरं नाव कुमे, पण कोणतं कुमे? आशिया मायनरच्या एओलियन किनाऱ्यावर मोठं कुमे होतं, आणि एफोरस तिथलाच. आपल्या गावाला पश्चिमेतली मानाची वसाहत मिळवून द्यायला त्याच्याकडे कारण होतं. हालिकार्नाससचा डायोनिसियस हा इतिहासकार मात्र एरेत्रिया (हेही युबोइयातलंच) आणि खाल्किस सांगतो. जमिनीतली बाजू युबोइयाची आहे : भांडी आणि लिपी दोन्ही युबोइयन वळणाची. शेजारच्या पिथेकुसाईला (इस्किया बेट) १९५४ मध्ये मिळालेला 'नेस्टोरचा पेला' याच लिपीतला, इ.स.पू. ८व्या शतकाच्या उत्तरार्धाचा. गंमत म्हणजे पेला स्वतः ऱ्होड्सकडच्या घडणीचा आहे. नुसतं भांडं पाहिलं असतं तर त्याचा मालक कुणी ऱ्होड्सचाच धरला असता.

वेळास

पेरिप्लसमध्ये (हिंदी महासागरातल्या व्यापाराचं जुनं ग्रीक मार्गदर्शक पुस्तक) आपल्या कोकण किनाऱ्यावर 'बायझँटिओन' येतं. ते बॉस्फरसच्या बायझँटिओनवाल्यांनी (आजचं इस्तंबूल) वसवलेलं ठाणं असू शकेल का? कार्ल्याच्या लेण्यात यवन (तेव्हा ग्रीकांसाठी वापरायचा शब्द) दातेही आहेत.

अपरांत

@वेळास, वरच्याच कसोट्या लावू. पेरिप्लस इ.स. १ल्या शतकाच्या मध्याचा. कल्याणच्या पुढे तो सेमुल्ला (चौल), मंदगोरा, पालैपात्माई, मेलिझैगारा आणि मग बायझँटिओन असा क्रम देतो. या बंदरांमधली अंतरं देत नाही. त्यामुळे हाती फक्त क्रम आहे, आणि क्रमावर जागा बसवताना एक बंदर सरकलं की पुढची सगळी सरकतात. मंदगोरा कुणी बाणकोटला नेतं, कुणी मांदाडला. बायझँटिओनसाठी विजयदुर्गाचं नाव जास्त घेतलं जातं, पण तिथे वसाहत सांगणारा ग्रीक थर नाही. टॉलेमीही हे नाव चाच्यांच्या किनाऱ्यात देतो, वसाहतीबद्दल चकार शब्द नाही. कोकणातलं एखादं नाव ग्रीक खलाशाच्या कानाला ओळखीच्या शहरासारखं ऐकू आलं, हे जास्त संभवतं.

कार्ल्याच्या खांबावर धेनुकाकटाच्या सिहधय नावाच्या यवनाचं दान आहे. लेख प्राकृतात, लिपी ब्राह्मी, दान बौद्ध संघाला. यवन म्हणवणारी माणसं इथे राहत आणि दान देत होती, एवढं नक्की. पेश माहोच्या साक्षीदारांसारखंच, माणसं सिद्ध होतात, वसाहत नाही.

सागरगोटा

शेवटचा प्रश्न. दक्षिण इटलीतलं सिबारिस हे गाडलं गेलेलं ग्रीक शहर यंत्राने सापडलं असं वाचलं होतं. मग वेलेसच्या शेतांत तेच का करत नाहीत?

गाळवाट

सिबारिस इ.स.पू. ५१० मध्ये शेजारच्या क्रोतोन शहराने पाडलं आणि क्राथिस नदी त्यावरून वळवली, अशी परंपरा आहे. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं संग्रहालय आणि इटलीची लेरिची संस्था यांनी आधी प्रोटॉन आणि मग सीझियम चुंबकमापक वापरून ते मैदान पिंजून काढलं, जोडीला हजारो भोकं घेतली. १९६८ च्या सुमाराला पार्को देल कावाल्लोची जागा पक्की झाली. मदत कशाची झाली? वर थुरिओई (इ.स.पू. ४४४-४४३) आणि त्यावर रोमन कोपिया अशी दोन शहरं होती, आणि छपरांची भाजलेली कौलं प्रचंड. भाजलेली माती चुंबकमापकाला स्पष्ट दिसते. सर्वांत जुना थर भूजलाच्या खाली, म्हणून खोदताना भोवती नळ्या रोवून पाणी सतत उपसावं लागतं. जानेवारी २०१३ मध्ये क्राती नदीचा बांध फुटला आणि उत्खननाचा भाग चिखलाखाली गेला.

वेलेसला अडचण अशी की हव्या असलेल्या थरावर नदीचा जाड गाळ आहे, आणि चुंबकमापकाचा संकेत खोलीबरोबर झपाट्याने क्षीण होतो. वर शेतीचे लोखंडी पाइप, कुंपणं, विजेच्या तारा. ही लुडबुड मोजमाप बिघडवते. शिवाय यंत्र भिंत दाखवेल. ती भिंत फिनिशियन की ग्रीक हे सांगणार नाही. त्यासाठी दफनभूमी हवी किंवा स्वयंपाकघराचा उकिरडा. तोस्कानोसजवळ खार्दिनची दफनभूमी मिळाली आहे, ती फिनिशियन-प्युनिक (कार्थेजकडच्या) वळणाची. ग्रीक वळणाची थडगी त्या खोऱ्यात जोवर मिळत नाहीत, तोवर मैनाकेचा ठिपका तिथे प्रश्नचिन्हासह काढावा, आणि देनियाच्या ठिपक्यापुढे दिआनियम एवढंच लिहावं.